सगुणाबाई नदीत उतरली

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, रानवाटांवर दिवे नव्हते, आणि राजा इतका लांब राहायचा की त्याचं नाव गावाला फक्त दवंडीतून कळायचं. अशा एका गावात, वरून संथ दिसणाऱ्या पण आतून ओढ असलेल्या एका नदीच्या काठी, सगुणाबाई नावाची बाई राहत होती.

लहानांनो, ऐका. आणि थोरांनो, तुम्ही तर जरा जास्तच कान देऊन ऐका. कारण ही गोष्ट मुलांची आहे खरी, पण मोठ्या झालेल्या मुलांची.

सगुणाबाईचा नवरा म्हशी पाळायचा. एका पावसाळ्यात वाहून चाललेलं रेडकू धरायला तो पुरात उतरला. रेडकू काठाला लागलं, तो लागला नाही. घरात तीन लेकरं होती. थोरला मुलगा काठावर उभा राहून सगळं बघत होता. मधल्याला काही कळत नव्हतं. धाकटी मुलगी तर अजून अंगावर पीत होती.

गावातल्या बायका म्हणाल्या, "सगुणे, म्हशी देऊन टाक कुणाला तरी. ज्या नदीनं तुझं कुंकू पुसलं, त्या नदीत पुन्हा पाय घालू नकोस."

सगुणाबाईनं ऐकून घेतलं. पण अलीकडच्या काठाला नुसती शेतं होती; गवत होतं ते पलीकडच्या कुरणात. म्हशींना चारा नाही तर दूध नाही, आणि दूध नाही तर लेकरांच्या पोटात काही नाही. सुतक फिटलं त्या दिवशी तिनं कासोटा घट्ट केला, पदर खोचला, पुढच्या म्हशीचं शेपूट धरलं आणि नदीत उतरली.

पलीकडे जाऊन ती गवतात बसली आणि तिला रडू फुटलं. तिथं आणखी एक बाई म्हशी चारत होती. तिचं नाव बनू. बनूनं तिला उगी केलं नाही, काय झालं म्हणून विचारलंही नाही. तिनं फडकं सोडलं, भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक सगुणाबाईच्या हातात दिला.

"आधी खा," ती म्हणाली. "मग रड. उपाशीपोटी रडणं पुरं पडत नाही."

त्या भाकरीपासून दोघींची मैत्री झाली. एकीला ताप आला की दुसरी दोघींच्या म्हशी राखायची. बनूचा मुलगा त्याच कुरणात, चिंचेखाली, सगुणाबाईच्या हातांवर जन्माला आला. ज्या गोष्टी दोघी सासरी बोलू शकत नव्हत्या, त्या कुरणात बोलल्या. ज्या शिव्या घरात देता येत नव्हत्या, त्या कुरणात दिल्या. वर्षं अशी गेली, नदीच्या पाण्यासारखी, कळली सुद्धा नाहीत.

मुलं मोठी झाली. थोरला शहाणा, सरळ मनाचा निघाला; राजाच्या माणसांनी त्याला गावचा पाटील केलं. मधल्यानं धान्याचं दुकान थाटलं. धाकटी गावातच, पलीकडच्या आळीत दिली. तिघांचीही आईवर फार माया. आईनं आपल्यासाठी काय सोसलं, हे तिघं येता-जाता लोकांना सांगायचे.

आणि तिथंच गाडं अडलं.

"आई, आता तू कष्ट करायचे नाहीत," थोरला एक दिवस म्हणाला आणि जातं उचलून त्यानं माळ्यावर ठेवलं. पुढं मधल्यानं पाण्याची घागर तिच्या कमरेवरून काढून गड्याच्या खांद्यावर दिली. "पाटलाची आई पाणी भरते, बरं दिसतं का?" मग एके दिवशी धाकटीनं तिला जेवायला बोलावलं. लेकीकडं पुरणपोळी खाऊन सगुणाबाई सांजेला घरी आली, तर गोठा रिकामा.

म्हशी शेजारगावच्या गवळ्यांना देऊन झाल्या होत्या. एकटी चांदरी दाव्याला उभी होती. ती म्हातारी होती, दुधाला आटली होती. तिला कुणी घेतली नव्हती.

"मला विचारलं का नाहीत?" सगुणाबाई म्हणाली.

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का?" थोरला म्हणाला आणि हसला. सगळे हसले. हसताना थोरला अगदी बापासारखा दिसायचा. त्याच्याकडं बघून सगुणाबाईही हसली. पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

तिच्यासाठी ओसरीवर शिसवी झोपाळा टांगला. त्यावर मऊ गादी घातली. पायाशी पाण्याचा तांब्या, हाताशी विड्याचं तबक. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थबकून म्हणायच्या, "नशीब काढलंस हो सगुणाबाई! लेकरं तुला तळहाताच्या फोडासारखी जपतात."

"हो," सगुणाबाई म्हणायची. खोटं तर नव्हतंच ते.

पण झोपाळ्यावर बसल्या बसल्या माणसाच्या मनात काय काय येतं. तिला आठवायचं, तिन्ही लेकरांना तिनं बोट धरून चालायला शिकवलं होतं. बोट धरायचं, चार पावलं न्यायचं, आणि मग हळूच आपलं बोट सोडवून घ्यायचं. मूल डगमगायचं, पडायचं, उठायचं. तेव्हा काळजाचं पाणी व्हायचं, पण ती हात मागं घ्यायची. 'मी यांना सोडायला शिकले,' तिच्या मनात यायचं, 'मग हे मला धरून ठेवायला कुणाकडून शिकले?'

एका उन्हाळ्यात पलीकडच्या गावातून कासारीण बांगड्या घेऊन आली. बांगड्या भरता भरता ती म्हणाली, "बनूबाईचा निरोप आहे. तिच्या डोळ्यांवर पडदा चढतोय. म्हणाली, सगुणेला सांग, दिसतंय तोवर येऊन जा. तिचं तोंड एकदा डोळे भरून बघू दे."

सगुणाबाई झोपाळ्यावरून उठलीच. पण थोरला दारात उभा राहिला.

"आई, ऊन बघितलंस का बाहेर? रस्त्यात चक्कर आली म्हणजे? जरा ऊन उतरू दे, मी स्वतः तुझी सोय करतो."

उन्हाळ्यात नदी गुडघाभर होती. गुराखी पोरं दगडांवरून उड्या मारत पलीकडे जायची. पण पाटलाच्या आईला ऊन लागलं असतं.

ऊन उतरलं, तर मधला म्हणाला, "आई, दुकानात माल यायचाय. तेवढा येऊ दे, मेणा करून नेतो." माल आला, तर धाकटी म्हणाली, "आई, माझ्या पोरीचं बारसं आहे. आजी नाही म्हणजे कसं?" बारसं झालं आणि आभाळ भरून आलं. नदी तांबडी झाली, फुगली, काठावरच्या बाभळींना जाऊन भिडली. मग तर कुणी काही बोलायचीही गरज उरली नाही.

पुराच्या आधी शेवटच्या नावेनं एक कुंभार आला होता. त्यानं दुसरा निरोप दिला. "बनूबाई म्हणाल्या, आता माणूस आलं एवढं दिसतं, तोंड नीट दिसत नाही. लवकर ये."

"पूर ओसरू दे," थोरला म्हणाला.

पूर ओसरला. पाणी निवळलं, तरी पात्र दोन्ही काठ भरून वाहत होतं. पाण्याचा अंदाज घ्यायला नावाडी रिकामी नाव पलीकडे नेऊन आला, आणि मग पाटलाकडं नाव सुरू करायची परवानगी घ्यायला आला. सगुणाबाईनं झोपाळा पायानं थांबवला आणि विचारलं, "काय रे, बनूचा काही निरोप?"

नावाड्यानं मान खाली घातली. त्याला सांगावंसं वाटत नव्हतं.

"बोल की."

"मावशी, मी होऊन विचारलं त्यांना, काय सांगू तुमच्या मैत्रिणीला म्हणून. त्या म्हणाल्या, काही सांगू नको. तिला यायचं असतं तर ती आली असती."

तिला यायचं असतं तर ती आली असती! ज्या बाईनं पुरात नवरा गमावून त्याच नदीत म्हैस घातली, तिच्याबद्दल तिची सख्खी मैत्रीण आज असं म्हणत होती. आणि त्यात चूक काय होती? बनूला झोपाळा कुठं ठाऊक होता? बनूला सगुणा ठाऊक होती.

त्या दिवशी सांजेला घरात पानं मांडली. सगुणाबाई म्हणाली, "उद्या सकाळी मी पलीकडं जाणार."

"बघू," थोरला म्हणाला.

"बघायचं काही नाही. मी विचारत नाही, सांगते आहे."

थोरल्याचा घास हातातच राहिला. त्यानं गड्याला पाठवून मधल्याला आणि धाकटीला बोलावून घेतलं. तिघं आईभोवती बसली.

"पाणी अजून चढं आहे, आई," मधला म्हणाला. "आणि लोक काय म्हणतील? दोन दोन कर्ते मुलगे असताना म्हातारी एकटी नदीपार जाते."

"मुलगे असताना मी एकटीच रोज नदीपार जात होते. तेव्हा तुम्ही लहान होता, म्हणून लोक काही म्हणाले नसतील."

धाकटीनं आईचा हात धरला. "आई, तुला काही झालं तर आम्ही काय करायचं?"

"रडायचं," सगुणाबाई म्हणाली. "मी नाही का रडले माझ्या आईसाठी? मग उठायचं आणि कामाला लागायचं."

"आई!" थोरला एकदम म्हणाला. "या नदीनं माझा बाप नेला. मी बघितलंय. तुला मी तिच्या तोंडात देणार नाही."

हे मात्र ढोंग नव्हतं. एवढा मोठा पाटील, पण त्या प्रसंगानंतर त्यानं नदीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. अंघोळीलासुद्धा तो विहिरीवर जायचा. सगुणाबाईला भडभडून आलं. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या क्षणी ती विरघळलीच होती. 'राहू दे,' असे शब्द ओठापर्यंत आले होते.

पण थोरला गड्याकडं वळला. "नावाड्याला सांगून ये. पाटलाचा हुकूम आहे म्हणावं. माझ्या आईला नावेत घ्यायचं नाही."

सगुणाबाईनं डोक्यावरचा हात काढून घेतला. ती पुढं एक अक्षर बोलली नाही. मुलांना वाटलं, ऐकलं आईनं.

सकाळी उजाडताच ती उठली. अंघोळ केली, जुनं जाडंभरडं लुगडं कासोटा घालून नेसली आणि गोठ्यात जाऊन चांदरीचं दावं सोडलं. त्या काळी जनावरं माणसांशी बोलत असत, असं म्हणतात. चांदरी काही बोलली नाही. तिनं फक्त कान हलवले आणि नदीची वाट धरली. तिलाही ती वाट कुणी दाखवावी लागत नव्हती.

परसात थोरली सून चुलीवर दूध तापवत होती. तिनं सासूला बघितलं, म्हशीला बघितलं, आणि ती घाबरी झाली.

"आत्याबाई, मला त्यांना हाक मारावी लागेल हो."

"मार," सगुणाबाई म्हणाली. "नवऱ्यापासून लपवाछपवी कर, असं मी कशाला म्हणू? पण दूध उतू जाईल बघ. ते आधी उतरव."

सुनेनं दुधाकडं बघितलं. दूध अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं. ती चुलीपुढं बसली आणि दूध तापेपर्यंत तिथून हलली नाही. मग तिनं दूध उतरवलं, झाकण ठेवलं, हात पुसले आणि नवऱ्याला हाक मारली.

घाटावर नावाडी हात जोडून उभा राहिला. "मावशी, माझं पोट या नावेवर आहे. मला धर्मसंकटात घालू नका."

"तुला कोण काय म्हणतंय? बस तू निवांत," सगुणाबाई म्हणाली आणि चांदरीला पाण्यात घातलं.

तोवर घाटावर माणसं जमली. धुणं तसंच टाकून बायका उभ्या राहिल्या. थोरला धावत आला, मागून मधला, मागून धाकटी. सगुणाबाई गुडघाभर पाण्यात होती.

"आई, मागं फिर!" थोरला ओरडला. "आई, ऐक! पाटील म्हणून सांगतोय मी!"

ती वळली. साऱ्या गावासमोर तिनं मुलाकडं बघितलं.

"गावाचा पाटील आहेस, खुशाल राहा," ती म्हणाली. "आईचा पाटील होऊ नकोस."

आणि तिनं चांदरीचं शेपूट धरून पाण्यात अंग टाकलं.

थोरला तिच्यामागं धावला. घोट्यापर्यंत पाणी आलं, गुडघ्यापर्यंत आलं, आणि त्याचे पाय तिथंच रुतले. पुढं त्याला जाता येईना, मागंही येता येईना.

नावाडी हे सगळं बघत होता. त्यानं नाव सोडली. सगुणाबाईला त्यानं नावेत घेतलं नाही. पाटलाचा हुकूमच होता तसा. पण हात लांबवला तर पोचेल एवढ्या अंतरावर त्यानं नाव तिच्या मागं मागं ठेवली. नाव तिच्या मागं ठेवू नको, असं काही पाटील म्हणाला नव्हता.

मधोमध ओढ लागली. चांदरी पाण्याशी भांडली नाही. सवयीप्रमाणे तिरपी झाली आणि धारेबरोबर सरकत सरकत पुढं जाऊ लागली. पण सगुणाबाईच्या हातातून शेपूट निसटायला लागलं. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. झोपाळ्यानं तिच्या हातांचे घट्टे मऊ केले होते, मनगटातलं बळ नेलं होतं. एकदा पाणी तिच्या नाकातोंडात गेलं. मागून नावाडी ओरडला, "मावशी, वल्हं धरा!"

तिनं मान हलवून नाही म्हटलं. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला. हे हात माझे होते. ते मला न विचारता कुणी मऊ केले? तिनं शेपटाला दोन्ही हातांनी विळखा घातला, दात आवळले आणि पाय मारत राहिली. रोजच्या जागेपासून बरीच खाली वाहत जाऊन चांदरीच्या खुरांना तळ लागला. सगुणाबाई चिखलात गुडघे टेकून बाहेर आली. ती उभी राहिली, तेव्हा गावाच्या घाटावरून बायकांचा एकच गलका उठला. तो भीतीचा नव्हता.

बनू अंगणात बसून चिंचा सोलत होती. पावलं वाजली तशी तिनं मान वर केली.

"कोण आहे?"

सगुणाबाई जागीच उभी राहिली. लुगड्यातून पाणी गळत होतं, त्याचा टपटप आवाज तेवढा येत होता.

बनूनं श्वास आत घेतला. "म्हशीचा वास येतोय. नदीचा पण." तिच्या हातातली चिंच खाली पडली. "सगुणे? पोहून आलीस?"

तिचं तोंड सगुणाबाईकडं नव्हतं. जरा बाजूला, जिथं तुळस होती, तिकडं बघून ती हसत होती.

सगुणाबाईला कळायचं ते कळलं. ती पुढं झाली, बनूसमोर बसली आणि तिचे दोन्ही हात उचलून आपल्या ओल्या तोंडावर ठेवले. बनूची बोटं कपाळावरून, डोळ्यांवरून, गालांवरून फिरली.

"उन्हाळ्यात आली असतीस तर दिसलं असतं," बनू म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते सगुणाबाईच्या काळजात घुसलं.

"मला येऊ दिलं नाही, बने."

"तुला?" बनू म्हणाली. "तुला कोण अडवणार?"

"मायेनं अडवलं," सगुणाबाई म्हणाली. "दुसऱ्या कशानं मी अडलेच नसते."

मग दोघी बराच वेळ एकमेकींना धरून बसल्या.

थोड्या वेळानं नाव परत आली. तिघं मुलं उतरली. थोरल्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. नावेच्या काठाला धरलेली त्याची बोटं नावाड्याला सोडवावी लागली होती. पण तो आला होता. जन्मात पहिल्यांदा तो नदी ओलांडून आला होता.

"आई, चल घरी," तो म्हणाला.

"आधी मावशीला नमस्कार करा," सगुणाबाई म्हणाली.

तिघं वाकली. "कोण, थोरला ना?" बनू म्हणाली. "तू लहान होतास तेव्हापासून तुझ्या आईकडून तुझ्याबद्दल ऐकत आलेय मी. ये, बघू दे केवढा झालास." आणि तिनं हात लांब केला, तो थोरल्यापाशी नाही, मोकळ्या हवेत.

धाकटीला सगळ्यांत आधी उमगलं. तिनं तोंडाला पदर लावला. मग मधल्यानं मान फिरवली. थोरला पुढं सरकला आणि आपलं डोकं त्या हाताखाली नेऊन ठेवलं.

सगुणाबाई बोलली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मुलांना सोपं गेलं असतं.

"नदी गुडघाभर होती तेव्हा ऊन लागेल म्हणून अडवलंत. पाणी चढलं तेव्हा बुडेन म्हणून अडवलंत. हिला दिसत होतं तेव्हा तुमचा माल यायचा होता, तुमचं बारसं होतं. तुम्ही काळजी केलीत, हे मला कबूल आहे. पण घाबरलात तुम्ही, आणि भोगलं तिनं आणि मी."

"आई, मी त्या दिवशी काठावर होतो गं," थोरला म्हणाला.

"ठाऊक आहे मला. मी तुझ्या शेजारीच उभी होते. बाप तुझा गेला, नवरा माझा गेला. मला काय या पाण्याची भीती नव्हती? रोज वाटायची. पण ती मी घरी ठेवून यायचे, नाहीतर तुम्ही तिघं उपाशी मेला असतात. तू तुझी भीती जपून ठेवलीस, आणि मोठा झाल्यावर माझ्या पायात बांधलीस. बांधताना तिला नाव दिलंस माया."

शेवटी थोरला म्हणाला, "मग आता काय करू मी?"

"नावेत बस आणि घरी जा. मला यायचं तेव्हा मी येईन."

"कधी येशील?"

"अजून ठरवलं नाही. ठरवलं की येईन. विचारायला माणूस पाठवणार नाही."

मुलं निघाली. नावाड्यानं जाताना एक गाठोडं अंगणात ठेवलं. त्यात कोरडं लुगडं होतं. "थोरल्या वहिनींनी दिलंय," तो म्हणाला. "नाव निघता निघता धावत आल्या होत्या."

सगुणाबाई बनूकडं राहिली. तिनं बनूचा हात धरून तिला कुरणात नेलं, आणि दिसतं ते सगळं तिला सांगितलं: गवत केवढं वाढलंय, चिंचेची कुठली फांदी मोडलीय, कुणाची म्हैस लंगडतेय. बनूच्या मुलानं आईसाठी अंगणापासून विहिरीपर्यंत दोर बांधला, तो धरून एकटीनं कसं जायचं, हे सगुणाबाईनं तिला शिकवलं. चार पावलं बरोबर गेली आणि हळूच आपला हात सोडवून घेतला. बनू डगमगली, तिनं सगुणाबाईला शिव्या दिल्या, आणि ती पुढं गेली.

पिकं कापणीला आली तेव्हा सगुणाबाई घरी परतली. नावेतून आली. थोरला घाटावर होता. तो पायरीवर बसून नदीत पाय सोडून बसला होता. गाव म्हणत होतं, पाटील हल्ली रोज तसा बसतो. आईला बघून तो उठला. 'बरी आहेस ना' म्हणाला नाही, 'दमलीस का' म्हणाला नाही. त्यानं विचारलं, "आई, तुझ्या म्हशींपैकी कुठल्या परत आणू?"

"मी येते गवळ्याकडं," सगुणाबाई म्हणाली. "बघून निवडीन."

पुढच्या आठवड्यात नावाड्याला घाटावर एक नवल दिसलं. सकाळच्या नावेसाठी गावातल्या म्हाताऱ्या बायका येऊन उभ्या होत्या. कुणाच्या हातात गाठोडं, कुणाच्या हातात काठी. कुणाला पलीकडची बहीण भेटायची होती, कुणाला माहेरच्या देवाला नारळ फोडायचा होता. एकीला कुठंच जायचं नव्हतं, नुसतं पलीकडून आपलं गाव कसं दिसतं ते बघायचं होतं.

"घरी मुलांना विचारलंत ना?" नावाडी बिचकत म्हणाला.

"त्याला काय विचारायचं?" पुढची म्हातारी पदर खोचत नावेत चढली. "तो माझ्या पुढ्यात रांगलाय."

नावाड्यानं पाटलाकडं बघितलं. पाटील पायरीवरच बसला होता. तो उठला, पाण्यात उतरला, आणि म्हाताऱ्यांना नीट चढता यावं म्हणून त्यानं नाव धरली. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलं होतं.

सगुणाबाई पुढं पुष्कळ वर्षं जगली, आणि अंगात त्राण होतं तोवर नदीपार जात राहिली. कधी नावेतून, कधी म्हशीमागून. बनूचे डोळे मात्र परत आले नाहीत. कुणी कितीही माफी मागितली तरी ते परत येण्यासारखे नव्हते, आणि पाटील ते जन्मभर विसरला नाही.

तेव्हा सगळ्यांनी ध्यानात ठेवा: जी माया माणसाला विचारत नाही, तिचा शेवटी पहारा होतो.